बाबांचा तिसरा नकार

जालन्याच्या फलाटावर त्या सकाळी बाबा गाडीत चढायलाच तयार नव्हते. आमच्या ट्रंका आत गेल्या, आई खिडकीशी बसली, तुला मी मांडीवर घेतलं, आणि बाबा आपले फलाटावर डब्यामागून डबे बघत हिंडतायत. शिमोनकाकांच्या म्हाताऱ्या सासूला पाय पसरायला जागा झाली का, कंपाउंडरच्या बायकोला बाळासकट आत घेतलं का, पाण्याचा माठ कुणाकडे राहिला. गार्डानं शिट्टी दिली तरी त्यांचं संपेना. "आता फिरून राह्यलेत," आई म्हणाली. इतक्या रागानं म्हणाली की समोरची बाई वळून बघायला लागली. गाडी हलल्यावर, सगळ्यांच्या मागून, बाबा चढले. आत आले नाहीत. मनमाडपर्यंत दारातच उभे राहिले.

रिबके, तू सहा वर्षांची होतीस आणि तुला त्यातली फक्त गाडी आठवते. आता ठाण्याहून फोनवर म्हणतेस, "अक्का, इस्रायलहून इतक्यांदा आलीस, एकदा जालन्याला जाऊन येऊ ना." मी गुडघ्यांचं कारण सांगते. तू रुसतेस. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण त्यांचा जालन्याशी काही संबंध नाही. म्हणून हे लिहायला बसले. इथं बेरशेब्यात आपल्यातली जी दोन-चार जालनेकर घरं आहेत त्यांच्यासाठीही लिहितेय. त्यांची नातवंडं मराठीत फक्त जेवतात, बाकी सगळं हिब्रूत करतात. त्यांना कोणीतरी वाचून दाखवेल.

आपण बेने इस्रायल, मूळचे कोकणातले यहुदी. आजोबा सरकीच्या जिनिंगात सुतारकामाला म्हणून निजामाच्या मुलखात आले आणि जालन्याचे झाले. बाबांना गावात शालोम मिस्त्री म्हणत. आपली घरं तिथं मोजकी. दहा पुरुष जमल्याशिवाय आपली प्रार्थना पुरी होत नाही, आणि जालन्यात हे दहा कसेबसे भरत. एकाला ताप आला की बाकीचे सगळे त्याच्या दाराशी. म्हणून परगावी जायचं तर आधी मुकादमाला सांगून जायचं, अशी रीत होती. मुकादम म्हणजे जमातीचा पुढारी. लग्न, मयत, नवराबायकोचं भांडण, सगळं त्याच्या शब्दावर चाले.

माझ्या लहानपणी मुकादम होते दाविदआजा. प्रार्थना त्यांच्याच मागच्या खोलीत व्हायची. तिथं भिंतीत पवित्र ग्रंथाच्या गुंडाळीचं कपाट होतं, त्याला आपण हेखाल म्हणतो. ते बाबांनी सागवानात केलेलं. आजा मलिद्याचं, म्हणजे आपल्या गोड पोह्यांच्या प्रसादाचं, ताट सगळ्यांपुढून फिरवायचे आणि शेवटी जे उरेल ते खायचे, बहुतेकदा नुसता पोह्यांचा चुरा. दारफळणीच्या सणाच्या, म्हणजे आपल्या मोठ्या उपासाच्या आदल्या दिवशी ते घरोघर जायचे. दारात उभं राहून विचारायचे, "वर्षभरात माझ्याकडून कुणाचं मन दुखलं का? कुणाचा बैल घेतला का मी, कुणाला नाडलं का?" आमच्याकडे बैल नव्हता. आई दरवर्षी हसायची आणि आजा दरवर्षी तितक्याच गंभीरपणानं विचारायचे. म्हणायचे, "पुढाऱ्यानं हे जित्तेपणी विचारून घ्यावं. मेल्यावर लोकं खोटं बोलतेत."

मोशेची गोष्ट बाबा आणि आजा दोघंही सांगायचे. मोशे सासऱ्याची मेंढरं राखत होता, एक कोकरू कळपातून पळालं, हा त्याच्यामागं रानभर धावला. बघतो तर ते झऱ्यावर पाणी पितंय. "अरे, तुला तहान लागल्ती होय," असं म्हणून त्यानं ते खांद्यावर घेऊन परत आणलं. तेव्हा देव म्हणाला, ज्याला एका कोकराची काळजी, त्याच्याच हाती माझी माणसं देतो. बाबा ही गोष्ट सांगताना तुला खांद्यावर घ्यायचे.

दुसरी एक गोष्ट होती, तिच्यावरून मात्र दोघांचं जमत नसे. झाडं राजा शोधायला निघतात. जैतुनाकडे जातात, ते म्हणतं, माझं तेल सोडून मी कुठं तुमच्यावर डुलत बसू. अंजीर म्हणतं, माझा गोडवा सोडून कुठं येऊ. द्राक्षाचा वेलही नाही म्हणतो. शेवटी काटेरी झुडपाला विचारतात आणि ते लगेच म्हणतं, या, माझ्या सावलीत बसा, नाहीतर माझ्यातून आग निघून सगळ्यांना जाळील. बाबा म्हणायचे, "बघा, शहाण्या झाडांना गादी नको असती." दाविदआजा विडी विझवून म्हणायचे, "शालोम, तू उलटी शिकलास. गोष्ट झुडपाची न्हाई, जैतुनाची हाय. त्यानं न्हाई म्हणलं म्हणून काट्याला गादी घावली. आग लागल्यावर जैतून काय वेगळं राहतंय?" बाबा मान हलवायचे. पटलेलं नसायचं.

आजा गेले. महिन्याचं सुतक सरल्यावर सगळे पुरुष त्या मागच्या खोलीत बसले आणि आम्ही बायका दाराबाहेर. आपल्यात रीत आहे. पुढं येऊन प्रार्थना चालव म्हटलं की पहिल्यांदा नाही म्हणायचं, मला जमणार नाही म्हणायचं. लगेच उठला तो उतावीळ. दुसऱ्यांदा विचारलं की जरा घुटमळायचं. तिसऱ्यांदा विचारलं की मात्र मुकाट्यानं उठायचं. खमीर, मीठ आणि नकार, तिन्ही चिमूटभर चांगले आणि मूठभर वाईट, असं जुनी माणसं सांगत आली. मुकादमीलाही हीच रीत होती.

शिमोनकाकांनी बाबांचं नाव घेतलं. दुसरं कुणाचं येणारच नव्हतं. बाबा म्हणाले, न्हाई. बराबर. दुसऱ्यांदा विचारलं, बाबांनी हात जोडले, खाली बघितलं. हेही बराबर. आईनं माझा हात धरला होता. तिसऱ्यांदा शिमोनकाका उभे राहून म्हणाले, "शालोमभाऊ, जमात विचारून राह्यली, आता उठा." आणि बाबा बोलले, "मोशे पण देवाला न्हाईच म्हणला होता. माझी जीभ जड हाय. मी सुतार माणूस, मला माफ करा."

चौथ्यांदा विचारायची रीत नाही. मग रूबेनकाका उठले, प्रार्थनेची झालरीची चादर खांद्यावर घेतली आणि म्हणाले, "कुणीच तयार नसेल तर मंग जबाबदारी मला घ्यावी लागंल." त्यांना पहिल्यांदाही कोणी विचारलं नव्हतं.

घरी येताना आपला भाऊ एझ्रा बाबांना मागं टाकून पुढं निघून गेला. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, बाबांच्याच हाताखाली तयार झालेला सुतार, आणि बोलायला फटकळ. जेवताना त्यानं ताट सारलं. "खारट झालं," म्हणाला. आईनं घाईघाईनं चव घेतली, भाजी ठीक होती. मग तिला कळलं, आणि तिनं त्याला गप्प बस म्हणून डोळे दाखवले. बाबा खाली मान घालून जेवत राहिले.

रूबेनकाकांना मी आजवर पुष्कळ बोल लावले, पण खोटं लिहिणार नाही. ते लाकडाचे ठेकेदार, शेरवानी घालायचे, उर्दू अशी बोलायचे की कचेरीतला कारकून उठून उभा राहील. आपल्या कब्रस्तानाची भिंत त्यांनीच खटपट करून बांधून घेतली. काम करायचे, पण कुणाला न विचारता. झाल्यावर सांगायचे. आणि मलिद्याचं ताट आता त्यांच्यापासून सुरू व्हायला लागलं. लोकांना त्यात काही वावगं वाटेनासं झालं, इतकी सवय लवकर लागते.

मग निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष आलं. हत्यारं घेतलेल्या टोळ्या रस्त्यावर हिंडायला लागल्या. पैसेवाली हिंदू घरं रातोरात नगरकडे, बुलडाण्याकडे, हद्दीपार जायला लागली. आपल्यातही जावं असं पुष्कळांच्या मनात होतं. रूबेनकाकांनी सगळ्यांना बोलावलं. म्हणाले, "कुणी हलायचं न्हाई. मी कचेरीतल्या साहेबांना जबान देऊन आलो. मुसलमानांच्या लेखी आपण किताबवाले, आपल्याला कुणी हात लावत न्हाई. फक्त बाहेर पडताना प्रत्येकानं लाल रूमी टोपी घालायची. एकानं घातली अन् दुसऱ्यानं न्हाई, तर सगळेच गोत्यात." आणि हेखालासमोर उभं करून एकेका पुरुषाकडून शपथ घेतली, मुकादमानं मोकळं करेपर्यंत टोपी उतरवणार नाही. आपल्यात अशी शपथ म्हणजे पोरखेळ नव्हे. ज्यानं घेतली तो मेला तरी मोडत नाही, आणि ती सोडवायची तर जमातीच्या वडीलधाऱ्यानं शब्द उच्चारावा लागतो.

खरं सांगते, उन्हाळाभर त्या टोप्यांनी काम केलं. एझ्राला नाक्यावर दोनदा अडवलं आणि टोपी बघून सोडलं. तो घरी येऊन ती खुंटीवर फेकायचा, म्हणायचा, "डोकं माझं, टोपी रूबेनकाकाची." पावसाळ्यात त्याला कुंभार पिंपळगावला एका पाटलाच्या घराच्या दारांचं काम मिळालं. पाटील चांगला माणूस होता, राहायला ओसरी दिली होती. एझ्रा हत्यारांची पेटी घेऊन, ती टोपी घालून गेला. नव्याच्या सणाला, आपल्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, परत येतो म्हणाला. त्याच्यावाचून दहा भरणार नव्हते.

त्यानंतर काही दिवसांनी रूबेनकाकांच्या घराला कुलूप दिसलं. बायकापोरांसकट मुंबईला. म्हणे मेव्हणा आजारी. दाविदआजा सांगायचे, पुढारी बाहेर पडताना सगळ्यात पुढं असावा आणि माघारी येताना सगळ्यात मागं. रूबेनकाकांनी पहिला अर्धा भाग पाळला.

पोलीस अ‍ॅक्शन झाली. चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं आणि सगळं उलटं फिरलं. काल जे घाबरून होते ते आज काठ्या घेऊन रस्त्यावर, आणि लाल टोपी म्हणजे मरण. आमच्या गल्लीतली मुसलमान घरं आतून कड्या लावून बसली. शेजारच्या खालाबी आणि तिच्या सुना आमच्या माळ्यावर होत्या, तुला आठवत असेल तर त्यांनी तुला गप्प बसायला गूळ दिला होता. जालन्यातल्या आपल्या पुरुषांनी टोप्या चुलीत घातल्या, शपथेचं मागाहून बघू म्हणाले. पण जे बाहेरगावी होते त्यांचं काय? असा एकच होता.

शिमोनकाका आणि कंपाउंडर बाबांकडे आले. म्हणाले, "मुकादम न्हाई. तुम्ही शपथ सोडवा. तुमचा शब्द पोरगा मानंल. पिंपळगावच्या बाजाराला गाडीवान चाललाय, त्याच्या हाती निरोप धाडू." बाबा रंधा पुसत होते. पुसतच राहिले. म्हणाले, "मी कोण सोडवणारा? मुकादमाचा शब्द मुकादमानंच सोडवायचा. रूबेनला तार करा." तारा तुटलेल्या होत्या. आई चुलीपासून उठून आली आणि परक्या पुरुषांसमोर पहिल्यांदाच मोठ्यानं बोलली, "अवं, पोरगा हाय तुमचा." बाबा म्हणाले, "म्हणूनच. माझ्या पोरासाठी मी जमातीची शपथ मोडली असं होईल. पाटील त्याला एवढ्यात सोडायचा न्हाई. जरा थंड होऊ दे." गाडीवान गेला. त्याच्याकडे निरोप नव्हता.

ज्या माणसानं आम्हाला कोकराची गोष्ट शंभरदा सांगितली, त्याला आपलं कोकरू दिसलं नाही. मी बाबांवर फार जीव टाकायची, रिबके, अजूनही टाकते. पण हे असं झालं.

एझ्रा सणासाठी निघाला. पाटलानं राहा म्हटलं होतं, हे आम्हाला नंतर पाटलानंच सांगितलं. पण दहा भरायचे होते. अंबडची वाट बरी नाही असं ऐकून तो वाटूरकडून आला. त्यानं टोपी का उतरवली नाही, मला विचारू नकोस. फटकळ माणसं शपथेला फार पक्की असतात. वाटूरच्या अलीकडे त्याला धरलं. नाव सांगितलंच असेल त्यानं. एझ्रा हे नाव ऐकून त्या रस्त्यावर कुणाला काय उमगणार? टोपी बघितली, मग अंगावरची खूण बघितली. आपल्या मुलांची सुंता आठव्या दिवशी होते. त्यांना जेवढा पुरावा हवा होता तेवढा मिळाला.

सण आला आणि गेला, एझ्रा आला नाही. बाबा आणि शिमोनकाका बैलगाडीनं शोधायला गेले. वाटूरच्या दर्ग्याच्या म्हाताऱ्या मुजावरानं एझ्राची घडीची मोजपट्टी जपून ठेवली होती, त्यावर बाबांनीच कोरलेली अक्षरं होती. दोन दिवसांनी बाबा आईला आणि मला घेऊन परत गेले. तुला खालाबीकडे ठेवलं होतं. दुपार होती. मुजावर तिथं एकटाच उरला होता. त्याची स्वतःची माणसं कुठं गेली ते त्यानं सांगितलं नाही. रस्त्यावर जे जे पडले होते त्यांना त्यानं रात्रीतून ओढून आणून मातीआड केलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, सांगणारं कुणी नव्हतंच. त्यानं आपल्या रीतीनं नमाज पढली होती. बाबा त्याला म्हणाले, आम्ही मुसलमान नाही. म्हातारा गोंधळला. म्हणाला, "माफ करना भाई, मैं अपना समझके दफनाया." बाबांनी त्याचे पाय धरले.

नंतर लोक भेटायला यायचे, म्हणायचे, बिचारा चुकून मेला. आई एकदा उसळून म्हणाली, "चुकून कसा? त्या मातीत त्याच्या शेजारी जे हायेत, त्यांचं काय चुकल्तं?" हाडं काढून जालन्याला आणावीत असं शिमोनकाका म्हणाले. बाबा नको म्हणाले. त्यांचा हा एक नकार मात्र मला पटला.

मेलेल्यासाठी आपण कद्दीश म्हणतो, आणि त्याला दहा पुरुष लागतात. आपल्याकडे आता नऊही नव्हते. बाबा रोज संध्याकाळी हेखालासमोर उभे राहायचे आणि काही न म्हणता घरी यायचे. थंडी पडल्यावर एक दिवस त्यांनी सगळ्या घरी जाऊन सांगितलं, "चला. दहा माणसं हायेत तिथं जाऊ. बांधाबांध करा, मी सगळ्यांची तिकिटं काढतो." त्यांना कोणी विचारलं नव्हतं. सगळे त्यांच्यामागं निघाले. ती तुझी गाडी.

मुंबईत भायखळ्याच्या चाळीत रूबेनकाका समाचाराला आले. बाबांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. आई पडद्यामागून बाहेर आली नाही. काका बराच वेळ टोपीची गोष्ट उन्हाळ्यात कशी बरोबर ठरली ते सांगत होते. पुढं तिथल्याही कुठल्याशा कमिटीवर ते गेलेच. अशा माणसांना खुर्ची लागते, आणि खुर्चीलाही बहुधा अशीच माणसं लागतात. आई तिथंच काविळीनं गेली. तुझं ठाण्यात लग्न झालं, आणि मी, माझा नवरा आणि बाबा बोटीनं इकडे आलो. आधी पत्र्यांच्या मआबारात, निर्वासितांच्या वसाहतीत राहिलो, मग हा 'शिकून', म्हणजे दोन खोल्यांचा सरकारी गाळा. बाबांनी इथं कसलंही पद घेतलं नाही. पण आपली माणसं असोत, मोरोक्कोची असोत की येमेनची, कुणाकडे दहावा कमी पडतोय असं कळलं की काठी घेऊन निघायचे. कुणी बोलवायच्या आत. नवरा म्हणायचा, "सावलानूत, सासरेबुवा, जरा दम धरा." ते दम धरत नसत.

शेवटच्या उन्हाळ्यात, बाहेरच्या बाकावर बसलेले असताना, ते माझ्याशी बोलले. त्याआधी कधी बोलले नव्हते. "सारा, त्या दिवशी तिसऱ्यांदा विचारलं ना, तेव्हा मला लई गोड वाटलं. सगळे माझ्याकडं बघून राह्यले होते. न्हाई म्हणलं की आपली किंमत वाढती हे मला बराबर समजत होतं. मोशे न्हाई न्हाई म्हणला, पण शेवटी गेला ना. तेवढंच मी गाळत होतो." मी त्यांचा हात धरला. तुमचा दोष नाही असं म्हणावं अशी फार इच्छा झाली. म्हटलं नाही. त्यांनी मला खोटं बोलायला सांगितलं नव्हतं.

तर आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. इथं कुणी नवं भेटलं की पहिलं विचारतं, तुम्ही कुठल्या? पूर्वी मी जालना सांगायची. हल्ली वाटूर सांगते. शिमोनकाकांचा मुलगा हसतो, म्हणतो, सारामावशी, तुम्ही वाटूरला राहिलात तरी कधी? खरंय, एक दुपार उभी राहिलेय. जालन्याचं घर आता दुसऱ्या कुणाचं आहे, तिथली प्रार्थनेची खोली कुणाचं गोदाम झाली असेल, आणि त्या सगळ्याकडे पाठ फिरवून मी शांत झोपू शकते. वाटूरकडे पाठ फिरवता येत नाही.

यंदा येते. गाडी ठरव. जालन्यावरून जाऊ, पण थांबायचं नाही. एझ्राची जागा नेमकी कुठली ते त्या मुजावरालाच ठाऊक होतं, आणि तो काही आता असायचा नाही. तेव्हा तिथं जेवढे आहेत तेवढ्या सगळ्यांसाठी म्हणू. दहा पुरुष मिळणार नाहीत. आपण दोघी असू. कद्दीश बायकांनी म्हणावा की नाही, हे मी कुणाला विचारणार नाही.